सारख्या गुणांची मुलं

४ मार्च

बाबा,

फोन तुम्ही उचलत नाही. आई उचलते आणि "ते बागेत आहेत" म्हणते. गच्चीवरच्या चार कुंड्यांना तुम्ही रोज इतका वेळ पाणी घालत असाल, तर एव्हाना त्या पोहायला लागल्या असतील. म्हणून पत्र लिहितेय. लिहिलेलं न वाचता ठेवून देणं तुम्हाला कधी जमलेलं नाही.

आधीच सांगते, माफी मागायला लिहीत नाहीये.

मंगळवारच्या बैठकीत तुम्ही माझ्या अहवालाचं अर्धं ऐकलंत आणि उठलात. "इतकी वर्षं प्रश्न काढतोय मी. आता हे यंत्र मला भाषा शिकवणार?" असं म्हणालात, पिशवी उचललीत आणि गेलात. दार मात्र हळूच लावलंत. आपटलं असतंत तर मला बरं वाटलं असतं. मग परीक्षा मंडळाच्या अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "पुढं वाचा." आणि मी वाचलं. आवाज कापला नाही माझा. हे मी अभिमानानं सांगतेय. सगळ्यांसमोर उभं राहून बोलायला तुम्हीच शिकवलंत मला.

उरलेलं अर्धं आता इथं सांगते.

सातवीच्या भाषेच्या पेपरातला तुमचा उतारा मला पाठ आहे. "शेजारच्या खोलीतलं शिलाईचं मशीन थांबलं. मुलीनं घाईघाईनं पुस्तक उशीखाली सारलं आणि डोळे मिटून घेतले." त्याखाली प्रश्न: मुलीनं पुस्तक का लपवलं? बरोबर उत्तर: आई उठून आत येईल, हे तिच्या लक्षात आलं. किती सुंदर प्रश्न आहे! सगळं न सांगता सांगितलंय. आणि ती मुलगी कोण, हे मला कळणार नाही असं वाटलं का तुम्हाला? आई बाहेर शिवायची, मी आत गोष्टींची पुस्तकं वाचायची, आणि तुम्ही पेपर तपासताना सगळं बघून न बघितल्यासारखं करायचात. हजारो मुलांच्या पेपरात तुम्ही मला नेऊन बसवलंत. बाबा, तो उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी कार्यालयाच्या जिन्यात जाऊन डोळे पुसून आले होते.

आणि त्याच उताऱ्यावरचे तिन्ही प्रश्न माझ्या खटकणाऱ्या प्रश्नांच्या यादीत सगळ्यांत वर आले.

आम्ही करतो ते अगदी साधं आहे. समजा दोन मुली आहेत. बाकी सगळ्या पेपरात दोघींना सारखेच गुण. एक ऐकू येणारी, दुसरी कर्णबधिर शाळेतली. दोघींची तयारी सारखी असेल, तर प्रत्येक प्रश्न दोघींना साधारण सारखाच अवघड जायला हवा. मी संगणकाला एवढंच सांगितलं की सारख्या गुणांची मुलं एकमेकांशेजारी बसव आणि एकेक प्रश्न तपास. बाकीच्या प्रश्नांत दोन्ही गट जवळजवळ खांद्याला खांदा लावून चालले. तुमच्या उताऱ्यापाशी मात्र कर्णबधिर मुलं एकदम खाली गेली. हुशार मुलंही गेली.

आमच्या विभागात एक सहकारी आहे, त्याला आम्ही शंकासुर म्हणतो. तो लगेच म्हणाला, "ही मुलं मूठभर. योगायोग असेल." बरोबर शंका आहे. म्हणून ऐकणारं कोण आणि न ऐकणारं कोण, ही ओळख पत्ते पिसावेत तशी पिसली आणि मुलांमध्ये नव्यानं वाटली. संगणकानं हे हजारो वेळा केलं. निव्वळ योगायोगानं एवढी तफावत एकदाही आली नाही. तेव्हा शंकासुर गप्प बसला. तो गप्प बसणं ही आमच्या कार्यालयात मोठी घटना असते.

आईकडून कळलं की तुम्हाला अहवालाचा राग नाहीच. राग आहे तो सोमवारच्या जेवणाचा. मी तुमच्याशेजारी बसून जेवले, ताकाची दुसरी वाटी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी काय होणार ते बोलले नाही. खरं आहे. बैठकीआधी निष्कर्ष प्रश्न काढणाऱ्याला सांगायचा नाही, असा नियम आहे. तो नियम समितीनं केला तेव्हा तुम्हीच तिचे प्रमुख होतात.

ताकाची ती दुसरी वाटी मी तशीच ठेवून उठले होते, एवढं मात्र सांगून ठेवते.

तुमची मुलगी


२१ मार्च

बाबा,

उत्तर आलं नाही. तुम्ही मंडळाचा राजीनामा पाठवलात, तो मात्र वेळेत आला. अध्यक्षबाईंनी तो टेबलाच्या खणात ठेवलाय. मंजूर करत नाहीत आणि परतही करत नाहीत.

बैठकीनंतर त्यांनी मला बोलावून विचारलं, "आकडे बोट दाखवतात. पण कशाकडे दाखवतात ते तुम्ही स्वतः जाऊन बघितलंत का?" नव्हतं बघितलं. उपसंचालक तिथंच होते. ते दयाळू चेहरा करून म्हणाले, "अहो, निकाल तोंडावर आलाय. यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी सुधारू. शेवटी तुमच्या वडिलांच्याच नावाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "साहेब, माझ्या वडिलांच्या नावाची काळजी मी करते. यंदाची मुलं पुढच्या वर्षी परत सातवीत बसणार नाहीत." त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

पात्रतेच्या रेषेच्या वर येणारी मुलं थेट माध्यमिक शाळेत जातात आणि खालची वर्षभर पूरक वर्गात अडकतात, हे तुम्हाला माहीत आहेच. कर्णबधिर शाळेतली कितीतरी मुलं त्या रेषेच्या अगदी खाली उभी होती. एका उताऱ्याच्या अंतरावर.

म्हणून मी शाळेत गेले. बैठी इमारत आहे, लांबलचक व्हरांडा, आणि वर्गात बाकं गोल मांडलेली. ओळीत बसवली तर मुलांना एकमेकांचे हात दिसत नाहीत. मी उगीचच हळू आवाजात बोलत होते. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "मोठ्यानं बोला हो. इथं कुणाची झोपमोड होत नाही." मुलं काय म्हणतात ते मला सांगायचं आणि माझं म्हणणं मुलांना खुणांनी सांगायचं, असं दोन्ही बाजूंचं काम त्या करत होत्या.

तुमचा उतारा फळ्यावर लिहिला. एक उंच मुलगी लगेच उठली. सगळ्यांशी वाद घालते म्हणून शाळेत तिला वकीलबाई म्हणतात. तिनं उत्तर दिलं: वीज गेली. आमच्या आकड्यांतही तोच चुकीचा पर्याय सगळ्यांत वर होता. का, म्हणून विचारलं. तिचे हात भराभर चालायला लागले आणि बाई सांगत गेल्या.

"मशीन आपोआप कशाला थांबेल? वीज गेली म्हणून थांबलं. अंधारात वाचता येत नाही, म्हणून तिनं पुस्तक ठेवून दिलं आणि झोपली. यात चूक काय?"

मी म्हटलं, "पण आई येईल म्हणून तिनं लपवलं."

वकीलबाईनं माझ्याकडे असं बघितलं, जसे तुम्ही कच्चा निबंध लिहिणाऱ्या मुलाकडे बघता. मग तिनं विचारलं, "मशीन दुसऱ्या खोलीत. मुलीचे डोळे पुस्तकात. मग मशीन थांबलं हे तिला कळलं कसं?"

"तिला ऐकू आलं."

"मग तसं लिहिलंय कुठं?"

मी उतारा पुन्हा वाचला. कुठंच लिहिलेलं नाही, बाबा. तुम्हाला ते लिहायची गरजच वाटली नाही, आणि मलाही वाचताना कधी वाटली नाही. आवाज थांबला हे आपल्याला इतकं आपोआप कळतं की आपण तो शब्दांत घालतच नाही. त्या मुलीनं विचार करण्यात कुठंही चूक केली नव्हती. तिच्यासमोर जेवढं होतं त्यावरून तिनं नेटका निष्कर्ष काढला होता, आणि तेवढंच तर तुमच्या प्रश्नाला तपासायचं होतं.

निघताना तिनं विचारलं, "हा कुणी लिहिलाय?"

मी सांगितलं, "माझ्या बाबांनी."

तिनं थोडा विचार केला, आणि बाईंनी सांगितलं, "ती म्हणतेय, छान लिहितात. त्यांना सांगा, आम्हालाही गोष्टीत घ्या."

हा निरोप तुम्हाला पोचवणं माझं काम होतं. पोचवला.


९ एप्रिल

बाबा,

आज निकाल लागला.

तीन प्रश्न सगळ्यांसाठीच रद्द केले. त्यावर आधी खूप खडाजंगी झाली. ज्या मुलांनी ती उत्तरं बरोबर लिहिली त्यांचं काय, असं एकजण म्हणाला, आणि प्रश्न रास्त होता. दर वर्षी आपण जुन्या पेपरांतले काही प्रश्न मुद्दाम ठेवतो ना, त्यांच्या आधारानं उरलेला पेपर किती सोपा-अवघड झाला ते मोजलं आणि रेषा नव्यानं आखली. तरीही काठावरची काही मुलं नव्या हिशोबात खाली घसरत होती. मी ती लपवली नाहीत, वेगळी काढून समितीपुढं ठेवली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "जुन्या किंवा नव्या, कुठल्याही एका हिशोबानं जो वर येतो, तो वर."

शंकासुर कुरकुरला, "संख्याशास्त्रात असं नसतं."

बाई म्हणाल्या, "माणसांत असतं. लिहून घ्या."

वकीलबाई वर आली. नुसती वर नाही, चांगली वर आली. तिच्यासोबत तिच्या वर्गातली आणखी बरीच मुलं आली. आमच्या दोन खोल्यांच्या विभागात, जिथं उत्तरपत्रिका वाचणारं यंत्र उन्हाळ्यात आमच्याआधी तापतं आणि एकुलता एक पंखा त्याच्याकडे तोंड करून लावावा लागतो, तिथं आम्ही उभ्यानं चहा प्यायलो. शंकासुरानं स्वतःच्या खिशातून बिस्किटं आणली. इतकी वर्षं मी हे काम करतेय. घरी कुणी विचारलं की "संगणकावर असते" एवढंच सांगायची. आज पहिल्यांदा वाटलं की ओरडून सांगावं, मी हे करते.

पत्रकार आले होते. एकानं विचारलं, "एवढा सदोष उतारा काढला कुणी?" उपसंचालक पुढं सरसावले, "ते गोपनीय असतं." गोपनीय असतंच. पण तुम्ही राजीनाम्यात कारणासकट सगळं लिहिलंत आणि त्याची प्रत सूचनाफलकावर स्वतः लावून आलात, तेव्हा गोपनीय राहिलं काय? मी त्याला लिहूनच दिलं, "माझ्या वडिलांनी काढला. सदोष म्हणू नका. या मंडळाच्या पेपरात आजवर आलेला तो सगळ्यांत चांगला उतारा आहे. तो कुणाकुणासमोर जाणार आहे हे तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. आता आहे."

हे छापून आलं. आई म्हणते, तुम्ही वाचलंत. फक्त म्हणालात, "'कुणाकुणासमोर' हे तिनं एक शब्द म्हणून लिहिलंय, ते बरोबर आहे."

यावर किती आनंद मानायचा ते मला ठरवता येत नाहीये.


१७ जुलै

बाबा,

तुमची चोरी उघडकीला आली आहे.

कर्णबधिर शाळेच्या बाई आज कामासाठी कार्यालयात आल्या होत्या. सहज बोलता बोलता म्हणाल्या, "एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडे येतात. निवृत्त शिक्षक आहेत म्हणे. मागच्या बाकावर बसतात. सुरुवातीला काहीच कळायचं नाही त्यांना. सगळी मुलं हसली की हे दोन क्षणांनी हसायचे." मी चेहरा सरळ ठेवून विचारलं, "नाव काय त्यांचं?" त्या म्हणाल्या, "मुलांनी त्यांना खुणेचं नाव ठेवलंय," आणि त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून नाकाजवळ कागद धरल्यासारखं केलं.

मी हसले ती थांबेचना. बाईंना वाटलं असेल, हिला काय झालं.

पुढं त्यांनी सांगितलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलं तुमच्याभोवती जमली, भराभर हात हलवत काही तरी विचारायला लागली, आणि तुम्हाला एक अक्षर कळेना. तुम्ही तिथंच पायरीवर बसलात. बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" तुम्ही म्हणालात, "बरं आहे. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात सगळ्यांत कच्चा मी आहे, एवढंच." आणि दुसऱ्या दिवशी परत गेलात.

ज्या माणसानं राजीनामा सूचनाफलकावर लावला, तो या वयात मागच्या बाकावर जाऊन बसला. बाबा, मी ज्यांना ज्यांना ओळखते त्यांत हे करणारं दुसरं कुणी मला आठवत नाही.

आईला हे माहीत होतं, असं दिसतंय. "बागेत आहेत" म्हणायची ती! आता तिच्या कुठल्याच बोलण्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

मी शाळेत येणार नाही, घाबरू नका. ती जागा तुमची.


२ नोव्हेंबर

बाबा,

काल तुम्ही माझ्यापासून चार खुर्च्यांवर बसला होतात, तरी लिहितेय. बैठकीत मी विभागप्रमुख होते आणि तुम्ही प्रश्न काढणारे. मुलीला काही बोलायचं होतं, ते राहून गेलं.

अध्यक्षबाईंनी तुम्हाला थेट परत घेतलं असतं. तुम्ही नाही म्हणालात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. "नव्यांसाठी चाचणी आहे ना? मग मलाही द्या." म्हणून नवखे लोक पाठवतात तसा तुम्ही उतारा पाठवलात, वर नाव नाही, फक्त क्रमांक. आम्ही सगळे उतारे निवडक शाळांत आधी मुलांना देऊन बघतो, तसा तोही दिला.

तो टेबलावर आला तेव्हा दुसऱ्याच वाक्याला मला कळलं. इतके अर्धविराम आता दुसरं कोण वापरतं? मी तडक अध्यक्षबाईंकडे गेले आणि म्हटलं, "हा मी ओळखलाय. मी तपासू नये." त्या म्हणाल्या, "तुम्ही जास्तच कडक तपासाल, मला ठाऊक आहे. तपासा. शंकासुराला परत मोजू द्या." त्यांनीही त्याला शंकासुरच म्हटलं. तो शेजारीच उभा होता.

उतारा असा: सुटायला आलेली बस. आत एक बहीण, बाहेर दुसरी, मध्ये न उघडणारी काच. दोघी एकमेकींना काही तरी सांगू बघतायत. बाहेरची आधी रागानं, मग हसत, मग बस हलल्यावर धावत. आणि मुलांना विचारलंय, दोघींमध्ये काय झालं असेल? आवाज कुठंच नाही, तरी गोष्ट पूर्ण. मला धाकधूक होती की आता तराजू उलट्या बाजूला झुकतो की काय. सारख्या गुणांची मुलं शेजारी बसवली, दोन्ही गटांच्या रेघा काढल्या, आणि पडद्यावर एकच रेघ दिसली. मला वाटलं, एक गट घालायचा राहिला. पुन्हा तपासलं. दोन्ही होत्या, एकमेकींवर बसलेल्या. शंकासुरानं मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाला, "मला काही शंका नाही." हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

तरी काल मला सभागृहात उभं राहून सांगावं लागलं, "उतारा उत्तम. पण पहिल्या प्रश्नाचा चौथा पर्याय एकाही गटातल्या मुलांनी जवळजवळ निवडलाच नाही. तो मेलेला आहे, बदलायला हवा."

मार्चमधली बैठक कुणी विसरलं नव्हतं. उपसंचालकांनी तर दाराकडेच बघितलं.

तुम्ही म्हणालात, "दाखवा."

मी आकडे दाखवले. तुम्ही उठून पडद्याजवळ आलात. "खालच्या गुणांच्या मुलांनीही नाही निवडला?"

"नाही."

"विनोदी आहे म्हणून ठेवला होता."

"विनोदी आहे, म्हणूनच मुलांनी सोडला."

"विचार करतो," म्हणालात आणि जागेवर जाऊन बसलात. 'मान्य' म्हणाला नाहीत. मीही तुमच्या जागी म्हणाले नसते.

पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं. चहाच्या वेळी मी खांबापलीकडे उभी होते. तुमच्याशेजारी नव्यानं आलेली एक तरुण शिक्षिका घाबरून विचारत होती, "त्या बाई सगळ्यांनाच असं बोलतात का हो?" आणि तुम्ही म्हणालात, "सगळ्यांना. माझा उतारा तिनं भर बैठकीत पाडला होता, तेव्हा तुमचं काय घेऊन बसलात! प्रश्न नीट काढा. तिच्या नजरेतून काही सुटत नाही." मग कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "माझी मुलगी आहे ती."

अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तुमचा आवाज तुम्हाला आता चहाच्या टेबलापुरता करता येत नाही. ऐकून मी काय केलं? हातातल्या कागदांत तोंड घातलं आणि कोरं पान वाचत उभी राहिले.

रविवारी येतेय. आईला सांगा, त्या दिवशी तुम्ही बागेत नसाल. चौथ्या पर्यायावर आपण भांडू. मी हटणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

तुमचीच